नौकेचे गवाक्ष

नांदेड शहराला लागून गोदावरीच्या काठी विष्णुपुरी हे गाव वसले आहे. येथील काळेश्वराच्या मंदिराजवळ उभे राहिले, की समोर शंकर सागर जलाशयाचे विस्तीर्ण पात्र दिसते. श्रावण-भाद्रपदात गोदावरी दुथडी भरून वाहू लागली, म्हणजे हे पाणी तांबूस होते. मार्गशीर्ष उजाडला, की तेच पाणी निवळते आणि त्यात आभाळाचे निळे प्रतिबिंब पडते. या पाण्यावर नांदेडकरांची तहान भागते आणि उपसा सिंचनाने दूरदूरची शेतेही भिजतात.

हे सारे पाणी अडविणाऱ्या बंधाऱ्याला अठरा दरवाजे आहेत. पूर आला, की दरवाजे उचलून पाण्याला वाट करून देतात. पूर ओसरला, की ते पुन्हा खाली सोडतात. धरणाची भिंत अखंड असती, तर पाणी अडविणे सोपे झाले असते. परंतु भिंतीत दरवाजा ठेवावा लागतो, आणि दरवाजा म्हटला, की त्याच्या कडेला फट आलीच. पोलादी दरवाजा आणि दगडी अथवा काँक्रीटची चौकट ही कितीही घासूनपुसून बसविली, तरी त्यांच्यामध्ये केसाएवढी जागा उरते. म्हणून अशा दरवाज्यांच्या कडांना रबराच्या जाड पट्ट्या लावतात. पाण्याच्या दाबानेच ती पट्टी चौकटीवर दाबली जाते व फट बंद होते. केवढी मोठी नदी, आणि तिला कडेने निसटू न देणारी केवढीशी पट्टी! ती झिजली, तडकली अथवा निखळली, तर पाणी आपली वाट शोधल्याशिवाय राहत नाही.

पाणी अडविणाऱ्या भिंतीला भोक पाडावयाचे आणि तरीही त्या भोकातून पाणी येऊ द्यावयाचे नाही, हा पेच मनुष्यापुढे फार जुन्या काळापासून उभा आहे. धरणाच्या दरवाज्यात तो आहे, तसाच तो समुद्रावर जाणाऱ्या शिडाच्या नौकेच्या खिडकीतही आहे. नौकेची ही खिडकी कशी असते, ती जुनी झाली म्हणजे काय घडते आणि ती दुरुस्त कशी करतात, हे आता आपण पाहू.

घराला खिडकी का असावी, हे कोणाला सांगावे लागत नाही. नौकेलाही ती त्याच कारणांसाठी हवी असते. महिना महिना समुद्रावर राहणारा खलाशी नौकेतील लहानशा खोलीत झोपतो, स्वयंपाक करतो, नकाशे पाहतो. तेथे उजेड नसेल, तर दिवसाही दिवा लावावा लागेल; हवा नसेल, तर जीव घुसमटेल. शिवाय बाहेर वादळ चालू असताना दार न उघडता समुद्र पाहता यावा, हाही एक मोठा लाभ असतो. म्हणून खोलीच्या भिंतींत लहान लहान गवाक्षे ठेवतात.

घराच्या खिडकीतून पावसाची झड आत आली, तर फार तर पुस्तके भिजतात. आई पोते पसरते, कोणी तरी खिडकी लावून घेतो, आणि पाऊस उघडला, की सारे पूर्ववत होते. नौकेला अंगण नाही, शेजार नाही. तिच्या खिडकीवर पाऊस पडत नाही, तर लाट आदळते. तेथे काच फुटली अथवा चौकट निखळली, तर खोलीत शिरणारा समुद्र पोत्याने टिपता येत नाही.

हा भार किती असतो, याचा साधा हिशेब करून पाहावा. पाण्याखाली एक मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १,००० किलोग्रॅम वजनाएवढा दाब पडतो. नौकेची खिडकी ६० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर उंच आहे, असे समजू. तिचे क्षेत्रफळ ०.१२ चौरस मीटर झाले. ती एक मीटर पाण्याखाली गेली, तर तिच्यावर सुमारे १२० किलोग्रॅम, म्हणजे गव्हाच्या दोन भरल्या पोत्यांपेक्षाही अधिक भार येईल. दोन मीटरवर तो दुप्पट होईल. हा झाला शांत पाण्याचा हिशेब. वेगाने येऊन आदळणाऱ्या लाटेचा तडाखा याहून कितीतरी मोठा असतो. म्हणूनच समुद्रावरील नौकांची गवाक्षे लहान असतात, आणि वादळाची चाहूल लागताच त्यांवर बसविण्यासाठी मजबूत झाकणे तयार ठेवलेली असतात.

गवाक्षाच्या आकारातही शहाणपण असते. जुन्या जहाजांची गवाक्षे बहुधा वाटोळी असत, आणि आजही चौकोनी खिडकीचे कोपरे गोलाकार ठेवतात. कागदाच्या तुकड्याला कात्रीने टोकदार खाच पाडून तो ओढावा. तो त्या खाचेच्या टोकापासूनच फाटू लागतो. ताण नेहमी टोकदार कोपऱ्यात एकवटतो. हा धडा विमानविद्येला फार महाग पडला. कॉमेट नावाची इंग्लंडमधील जेट विमाने १९५४ साली आकाशातच मोडून पडली. त्यांचा कसून शोध घेतला, तेव्हा विमानाच्या पत्र्यात पाडलेल्या चौकोनी छिद्रांच्या कोपऱ्यांजवळ वारंवारच्या ताणाने भेगा गेल्याचे आढळले. त्यानंतर विमानांच्या खिडक्यांचे कोपरे गोलाकार करण्याकडे कटाक्षाने लक्ष देण्यात येऊ लागले.

नौकेच्या गवाक्षाचे चार भाग असतात. पहिला भाग म्हणजे भिंतीत कापलेली जागा. दुसरा म्हणजे चौकट. ती कांशाची, ॲल्युमिनियमची अथवा लाकडाची असते. तिसरा म्हणजे पारदर्शक तावदान; ते जाड काचेचे किंवा ॲक्रिलिकसारख्या कठीण प्लॅस्टिकचे असते. चौथा भाग डोळ्यांना फारसा दिसत नाही, पण बाकीच्या तिघांची अब्रू त्याच्याच हाती असते. तो म्हणजे तावदान व चौकट यांच्यामध्ये, तसेच चौकट व भिंत यांच्यामध्ये भरलेले मऊ लुकण.

लुकण मऊच का हवे, हा प्रश्न कोणालाही पडेल. याचे उत्तर असे, की नौका कधी स्थिर नसते. लाटेवर चढताना व उतरताना तिचे सारे अंग किंचित पिळवटते. त्यातच उन्हाने वस्तू फुगतात आणि थंडीने आकसतात. परंतु सगळ्या वस्तू सारख्या फुगत नाहीत. ६० सेंटिमीटर लांबीचे ॲक्रिलिकचे तावदान पहाटेच्या गारव्यापासून भर दुपारच्या उन्हापर्यंत ३० अंशांनी तापले, तर त्याची लांबी सुमारे सव्वा मिलिमीटरने वाढते. तेवढीच काच पाव मिलिमीटरही वाढत नाही. रोज वाढणारे, रोज आकसणारे तावदान आणि जागची न हलणारी चौकट यांच्यामध्ये लुकण असते. ते दोघांनाही धरून ठेवते आणि दोघांनाही थोडे हलू देते. ते दगडासारखे कठीण असते, तर पहिल्याच उन्हाळ्यात तडकले असते.

तथापि लुकणालाही वय असते. वर्षानुवर्षे ऊन, खारे पाणी आणि हालचाल सोसून ते कोरडे पडते, त्याचा लवचीकपणा जातो आणि ते कडेपासून सुटू लागते. प्रारंभी फक्त पाण्याचा एखादा थेंब आत येतो. खलाशी तो पुसून टाकतो. पुढच्या पावसाळ्यात थेंबाची ओळ होते. येथेच पुष्कळांची चूक होते. कोणी तरी बाहेरच्या कडेवर नव्या लुकणाची एक रेघ ओढतो आणि काम झाले म्हणून हात झटकतो. जुन्या, धुळकट, सुटलेल्या लुकणावर नवे लुकण चिकटत नाही. शिवाय आधीच आत शिरलेले पाणी त्या रेघेमुळे आतच कोंडले जाते. ओलाव्याने चौकटीभोवतीचे लाकूड कुजू लागते. बाहेरून रंग मात्र चांगला दिसत राहतो.

म्हणून जाणता कारागीर दुरुस्तीचा प्रारंभ शोधापासून करतो. पाणी जेथे दिसते, तेथेच ते शिरलेले असते असे नाही. ते वरच्या कोपऱ्यातून आत येते, लाकडाच्या आतल्या बाजूने वाहत जाते आणि हातभर अंतरावर थेंबाथेंबाने गळते. हाताखालचा मुलगा गळणाऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणतो, "उस्ताद, हे बघा भोक." तेव्हा म्हातारा कारागीर हसून सांगतो, "बाळा, ते पाण्याचे बाहेर पडण्याचे दार आहे. आत येण्याचे दार अजून सापडायचे आहे."

ते दार शोधण्याची रीत सोपी पण धीराची आहे. एकाने आत दिवा घेऊन बसावयाचे आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावयाचे. पाणी आधी खिडकीच्या खालच्या कडेवर सोडतात आणि काही मिनिटे वाट पाहतात. आत थेंब दिसला नाही, तर बाजूंच्या कडांवर आणि सर्वांत शेवटी वरच्या कडेवर पाणी सोडतात. प्रारंभीच वरून पाणी ओतले, तर ते सगळीकडून ओघळते आणि दोष कोणत्या कडेचा, हे कधीच कळत नाही. आतल्या बाजूस खडूची भुकटी लावून ठेवली, तर पाण्याची पहिली रेघ तिच्यावर स्पष्ट उमटते.

दोष सापडला, की तावदान उतरवावयाचे. जुने बोल्ट गंजून घट्ट बसलेले असतात. त्यांवर तेल सोडून एक रात्र थांबावे लागते. जोर करून पहार घातली, तर तावदान तर फुटतेच, पण चौकटही वाकते. एक बोल्ट पूर्ण काढून मग दुसऱ्याला हात घालावयाचा नसतो. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे सैल करीत जावयाचे असते. उतरविलेले जुने तावदान निरुपयोगी झाले, तरी टाकून देत नाहीत. नवे तावदान कापण्यासाठी त्याच्यासारखा दुसरा नमुना नसतो.

यानंतरचे काम सर्वांत कंटाळवाणे, आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाचे. जुने लुकण कणाकणाने खरवडून काढावयाचे. लाकडाची पटाशी किंवा प्लॅस्टिकची पट्टी यासाठी वापरतात, म्हणजे चौकटीवर ओरखडे पडत नाहीत. ॲक्रिलिकचे तावदान पुन्हा वापरावयाचे असेल, तर ते सौम्य साबणाच्या पाण्याने धुतात. घाई करणारा माणूस थिनर किंवा ॲसिटोनचा बोळा फिरवितो. त्या वेळी तावदान चकचकीत दिसते, परंतु थोड्याच अवधीत त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात. प्रत्येक पदार्थाला काय मानवते आणि काय मानवत नाही, हे ओळखणे हीच कारागिराची विद्या होय.

आता चौकटीभोवतीचे लाकूड टोचणीने टोचून पाहतात. निरोगी लाकडात टोचणी शिरत नाही. कुजलेल्या लाकडात ती लोण्यात सुरी जावी तशी जाते. कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून काढावा लागतो. पाहता पाहता बोटाएवढी वाटलेली जागा वीतभर होते, तेव्हा पुष्कळांचे मन कचरते. पण थोडा कुजका भाग आत ठेवला, तर तो शेजारच्या चांगल्या लाकडालाही नासवितो. कापलेली जागा पूर्ण वाळू देतात, तेथे त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा नेमका तासून बसवितात आणि कापलेल्या साऱ्या उघड्या कडांना एपॉक्सीचा हात देतात, म्हणजे पाणी लाकडाच्या तंतूंत पुन्हा शिरत नाही.

मग नवे तावदान बसवावयाचे. त्याच्या कडेला चौकटीत दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा ठेवतात आणि तावदानातील छिद्रे बोल्टपेक्षा थोडी मोठी पाडतात. दुपारच्या उन्हात वाढणाऱ्या त्या सव्वा मिलिमीटरला जागा मिळाली पाहिजे. ती मिळाली नाही, तर तावदान छिद्रांपासून तडकते. त्यानंतर चौकटीवर लुकणाचा भरपूर, अखंड थर देतात, तावदान हळूच दाबतात आणि समोरासमोरचे बोल्ट पाळीपाळीने आवळतात. नवशिक्याला वाटते, की जितके घट्ट आवळावे, तितके पाणी कमी येईल. प्रत्यक्षात फार आवळले, की सारे लुकण बाहेर निघून जाते आणि तावदान कोरड्या चौकटीवर टेकते. म्हणून कडेने लुकण सारखे बाहेर दिसू लागले, की हात थांबवावयाचा. मग काही दिवस त्याला स्पर्शही न करता ते मुरू द्यावयाचे आणि शेवटी पुन्हा नळीने पाणी सोडून परीक्षा घ्यावयाची. समुद्राने परीक्षा घेण्यापूर्वी आपणच ती घ्यावी, हे बरे.

किनाऱ्यावर उभ्या असलेल्या नौकेची दुरुस्ती अशा रीतीने सावकाश करता येते. परंतु भर समुद्रात, शेकडो मैल जमीन नसताना नौका गळू लागली, तर? याचे उत्तर मुंबईत बांधलेल्या एका लहानशा नौकेच्या इतिहासात मिळते. तिचे नाव 'सुहेली'.

मुंबईला जहाजबांधणीची मोठी परंपरा आहे. वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागवानी लाकडातून बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. त्याच मुंबईत, कुलाब्याच्या कारखान्यात, १९६४ साली 'सुहेली' तयार झाली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे इंग्रज दर्यावर्दी त्या वेळी मुंबईत राहून व्यापारी जहाजांवर नोकरी करीत होते. त्यांनी ही नौका बांधवून घेतली. तिची लांबी अवघी ३२ फूट. तिचे लाकूड सागवानी. मुंबईच्या सुतारांनी वाकसाने फळ्या तासल्या, कमानीने फिरविण्याच्या सामत्याने छिद्रे पाडली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने सांधे जुळविले.

१४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून या नौकेत एकटेच निघाले. कोठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची, असा त्यांचा संकल्प होता. तोपर्यंत असे कोणीही केलेले नव्हते. काही आठवड्यांतच अटलांटिक महासागरात नौकेच्या तळाशी पाणी साचू लागले. दिवसातून दोनदा पंपाने पाणी उपसावे लागे. हे पाणी येते कोठून? नॉक्स-जॉन्स्टन यांनी समुद्रात बुडी मारून पाहिले. नौकेचा कणा आणि त्याला लागून असलेली फळी यांच्यामधील सांधा हातभर नव्हे, तर सुमारे आठ फूट उकलला होता, आणि नौका लाटेवर हेलकावे खाऊ लागली, की तो सांधा उघडमीट करीत होता.

लाकडी नौकांच्या सांध्यांत कापूस ठोकून भरणे याला आपल्या किनाऱ्यावर 'कलफात करणे' म्हणतात. नॉक्स-जॉन्स्टन यांनी कापसाचा पीळ व हातोडी घेऊन पाण्याखाली काम आरंभिले. परंतु श्वास संपताच वर यावे लागे, आणि तेवढ्यात ठोकलेला कापूस निसटून जाई. दुसरा कोणी असता, तर निराश झाला असता. त्यांनी वर येऊन विचार केला. कॅनव्हासच्या लांब पट्टीवर त्यांनी कापूस शिवून टाकला, त्या पट्टीत तांब्याच्या लहान चुका आधीच टोचून ठेवल्या आणि वर डांबर फासले. आता पाण्याखाली कापूस धरून बसावे लागले नाही. पट्टी सांध्यावर ठेवून चुका ठोकल्या, की काम होई. कॅनव्हास फाटू नये म्हणून त्यावर त्यांनी तांब्याचा पत्राही ठोकला. मध्येच एक शार्क मासा नौकेभोवती घिरट्या घालू लागला. तेव्हा त्यांनी वर येऊन त्याला बंदुकीने मारले, आणखी मासे येत नाहीत ना याची वाट पाहिली आणि पुन्हा पाण्यात उतरून राहिलेले काम पुरे केले.

याहून मोठा प्रसंग सप्टेंबर महिन्यात, आफ्रिकेच्या दक्षिणेस आला. रात्रीच्या वादळात एका प्रचंड लाटेने 'सुहेली'ला आडवे पाडले. झोपलेल्या नॉक्स-जॉन्स्टन यांच्या अंगावर सारे सामान कोसळले. नौका पुन्हा सरळ झाली. डोलकाठ्या शाबूत होत्या. पण दिवा लावून पाहतात, तो खोलीच्या भिंती जेथे डेकला जोडलेल्या होत्या, तेथे सभोवार भेगा पडलेल्या होत्या. लाटेच्या तडाख्याने सारी खोली जागची किंचित सरकली होती. ज्या भिंतींत गवाक्षे असतात, त्याच त्या भिंती. त्या उखडून गेल्या असत्या, तर नौकेच्या मध्यभागी सुमारे १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद असे उघडे भगदाड पडले असते आणि पुढच्याच लाटेने ती भरून गेली असती.

परत फिरावे, तर संकल्प मोडतो. पुढे जावे, तर अशा शेकडो लाटा अद्याप यावयाच्या होत्या. त्यांनी हातात हत्यारे घेतली. खोलीचे सांधे त्यांनी जादा बोल्ट व स्क्रू घालून आवळले आणि नौका पूर्वेकडेच ठेवली. पुढे पिण्याचे पाणी नासले, रेडिओ बंद पडला, आपोआप दिशा राखणारे यंत्र मोडले. प्रत्येक वेळी जे हाताशी होते, त्यातूनच त्यांनी मार्ग काढला. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ते फाल्मथला परतले. त्या स्पर्धेत नऊ नौका निघाल्या होत्या. पूर्ण प्रदक्षिणा करून परत आली ती एकच, मुंबईच्या सुतारांनी बांधलेली 'सुहेली'.

'सुहेली'ची गोष्ट येथे संपत नाही. पुढे मोठ्या सन्मानाने तिला ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात ठेवण्यात आले. तेथे वादळ नव्हते, लाट नव्हती, खारे पाणी नव्हते. तरीही तिची प्रकृती बिघडू लागली! संग्रहालयातील कोरड्या हवेने तिच्या फळ्या आकसू लागल्या आणि सांधे उकलू लागले. पाण्यात राहण्यासाठी बांधलेल्या नौकेला पाणीच मानवते. २००२ साली नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तेथून बाहेर काढले आणि पुढील वर्षांत सवड होईल तसतशी स्वतःच्या हातांनी तिची दुरुस्ती केली. २०१८ साली, प्रवासाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा 'सुहेली' पुन्हा फाल्मथच्या पाण्यावर शिडे उभारून तरंगत होती.

आपल्या देशातही अशा नौका बांधणारे हात आज आहेत. गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही ५६ फुटी नौका तयार झाली. लाकडी पट्ट्या, काचतंतू आणि एपॉक्सी यांनी तिचे अंग घडविले आहे. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिडाच्या नौकेतून अशी एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. २०१२-१३ साली अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कोठेही न थांबता ती पूर्ण केली. याच कारखान्यात बांधलेल्या 'तारिणी' नौकेतून २०१७-१८ साली वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी जगाची प्रदक्षिणा करून आल्या. २०२४ च्या ऑक्टोबरात तीच 'तारिणी' पुन्हा निघाली. या वेळी तिच्यावर दिलना के. आणि रूपा ए. या दोनच महिला अधिकारी होत्या. मे २०२५ मध्ये त्या सुखरूप परतल्या. एवढ्या प्रवासात दुरुस्तीचा कारखाना बरोबर नेता येत नाही. नौकेवरच्या माणसालाच सुतार, लोहार, शिंपी आणि वैद्य व्हावे लागते.

विष्णुपुरीपासून समुद्र फार दूर आहे. गोदावरीचे पाणी मात्र तेथे जाते. शंकर सागराचे दरवाजे उघडले, की ते पाणी तेलंगण आणि आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. या गावात अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी मोठी संस्था आहे, विद्यापीठ आहे. येथे शिकलेली एखादी मुलगी अथवा मुलगा उद्या धरणाच्या दरवाज्याची रबरी पट्टी तपासील किंवा एखाद्या नौकेच्या गवाक्षावर पाण्याची नळी धरील. तेव्हा खालच्या कडेपासून प्रारंभ करावयाचा, जुने लुकण कणाकणाने काढावयाचे आणि फार आवळावयाचे नाही, एवढे तरी त्याच्या ध्यानात असावे. घरातील खिडकीपाशी पहिल्या पावसात थेंब दिसला, तर ते ध्यानात ठेवण्याची सवय आजच करता येईल.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) धरणाच्या दरवाज्यांच्या कडांना कोणत्या वस्तूच्या पट्ट्या लावतात?
(आ) 'सुहेली' कोठे व कोणत्या साली तयार झाली?
(इ) 'कलफात करणे' म्हणजे काय?

२. कारणे द्या.
(अ) नौकेच्या खिडकीचे कोपरे गोलाकार ठेवतात.
(आ) तावदानातील छिद्रे बोल्टपेक्षा थोडी मोठी पाडतात.
(इ) संग्रहालयात ठेवल्यावर 'सुहेली'चे सांधे उकलू लागले.

३. गळणाऱ्या खिडकीवर पाणी सोडताना खालच्या कडेपासून प्रारंभ का करतात, ते तुमच्या शब्दांत सांगा.

४. ५० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर उंच खिडकी दोन मीटर खोल पाण्यात असेल, तर तिच्यावर सुमारे किती किलोग्रॅम भार येईल?

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : दुथडी भरून वाहणे, हात झटकणे, मन कचरणे, अब्रू हाती असणे.

६. तुमच्या गावातील सुतार, गवंडी किंवा लोहार यांच्यापैकी एकाचे काम अर्धा तास पाहा. काम बिघडू नये म्हणून ते कोणती काळजी घेतात, ते दहा ओळींत लिहा.